चुकीची तीज

आमच्या घरात वर्षातून एक सण असा व्हायचा, जो कुठल्याही पंचांगात नाही. तो आमच्या हिच्या एका चुकीमुळे सुरू झाला आणि सत्तावीस वर्षं चालला. होळीनंतरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या आठ-दहा बायका ठेवणीतल्या साड्या नेसून दारात यायच्या. सगळ्यांत पुढे समोरच्या घरातल्या भाभीजी. त्या अगदी गंभीर चेहरा करून विचारायच्या, "गौर कहाँ है?" ही तेवढ्याच गंभीरपणे म्हणायची, "भूल हो गई. आप बैठिए." मग सगळ्या हसायच्या, बसायच्या, पुरणपोळी खायच्या आणि दिवेलागणीला आपापल्या घरी जायच्या.

मला हा प्रकार कधीच फारसा पटला नाही. चूक झाली, ठीक आहे, माणसाच्या हातून होते. पण दरवर्षी त्या चुकीची आठवण करून द्यायला दहा जणींनी नटूनथटून यायचं आणि आपण वर त्यांना पोळ्या खाऊ घालायच्या, यात मला चेष्टेपेक्षा आगाऊपणा जास्त दिसायचा. मी त्या वेळी घरी असलोच तर आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायचो.

ती चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ती जयपुरात नव्याने आलेल्या मराठी माणसाकडूनच होऊ शकते. आपला चैत्र पाडव्याला सुरू होतो. इथला चैत होळी पेटली की दुसऱ्याच दिवशी लागतो, धुळवडीला. इथे तिला धुलंडी म्हणतात. म्हणजे आपल्याकडे फाल्गुनातला वद्य पक्ष चाललेला असतो आणि इथले लोक चैत मानून मोकळे झालेले असतात. पंधरा दिवसांनी दोन्ही हिशेब जुळतात आणि पुढचा शुक्ल पक्ष दोघांचा एकच होतो. हे मला आज पाठ आहे. तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी विमा कंपनीत होतो. साताऱ्याहून बदली होऊन इथे आलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. कचेरी सी-स्कीममध्ये, घर दुर्गापुऱ्यात भाड्याने घेतलेलं, पुढे तेच विकत घेतलं. पहिल्या वर्षी धुळवडीला गल्लीतल्या बायका रंग घेऊन आल्या. हिला हिंदी धड येत नव्हतं, पण घर लोकांनी भरलेलं पाहून ही इतकी खूश झाली की तिथल्या तिथे सगळ्यांना आमंत्रण देऊन बसली. चैत्रात शुद्ध तृतीयेला आपल्याकडे गौर पाळण्यात बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते, मधे एखाद्या दिवशी बायकांना बोलावून हळदीकुंकू करतात, कैरीची डाळ आणि पन्हं देतात, ओटीत भिजवलेले हरभरे घालतात. हे सगळं हिने एका वाक्यात बसवलं. "चैत की तीज को हमारे घर गौर बैठेगी, आप सब आइए." बायका हो म्हणाल्या. त्यांच्या लेखी चैत त्याच सकाळी लागलेला होता आणि तीज परवा होती.

परवा त्या आल्या. ही मागच्या अंगणात रंगाचे कपडे धुवत होती. साडी खोचलेली, कोपरापर्यंत साबण, नाकावर अजून निळा रंग. दारात दहा बायका उभ्या आणि घरात गौर तर सोडाच, चहापुरतं दूधही नव्हतं. होळीच्या पाच पोळ्या डब्यात उरल्या होत्या. त्यांचे हिने चार-चार तुकडे केले, तूप लावून गरम केले आणि बशीत घालून पुढे केले. त्या दिवशी मी दौऱ्यावर होतो. रविवारी परतल्यावर हिने मला हे सांगितलं, तेव्हा हसताना हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं हसून हसून आलं.

मी बहुतेक वेळ दौऱ्यावरच असायचो. माझं काम आगीच्या क्लेमचं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात कुठे गोदाम जळालं, कुठे रंगाच्या कारखान्यात भडका उडाला की तिथे जायचं, जळलेल्या मालात हात घालायचा आणि आग लागली की लावली ते बघायचं. मधली काही वर्षं कोट्याला आणि अजमेरला बदली झाली तेव्हा मुलीच्या शाळेसाठी या दोघी इथेच राहिल्या, मी शनिवार-रविवारी यायचो. माणूस खोटं बोलतोय की खरं, हे मला समोरच्याच्या पहिल्या चार वाक्यांत कळतं, अशी कचेरीत माझी ख्याती होती. मीही ती नाकारत नसे.

खऱ्या तृतीयेची गोष्ट आणखी वेगळी. इथल्या बायका-मुली धुळवडीच्या सकाळपासून गणगौर पूजतात. होळीच्या राखेच्या पिंड्या करतात, पुढे मातीचे ईसर-गौरी, म्हणजे शंकर-पार्वती, येतात, कुंड्यात गहू पेरतात, रोज सकाळी दूर्वा आणि फुलं घेऊन गाणी म्हणतात. समोरच्या भाभीजींच्या ओट्यावर आमच्या गल्लीची गणगौर असते. सोळा-अठरा दिवस हे चालतं आणि चैत्र शुद्ध तृतीयेला संध्याकाळी गौर पाण्यात सोडतात. म्हणजे ज्या दिवशी आपली गौर येते, त्याच दिवशी त्यांची जाते. पहिल्या वर्षी हिला हे पाहून धक्काच बसला होता. आपण गौर मांडतोय आणि समोरून बायका डोक्यावर गौर घेऊन बोळवायला निघाल्यात. भाभीजींनी हिची समजूत काढली होती की कुठे जात नाही ती, गल्ली ओलांडून तुमच्याकडे येते. तेव्हापासून त्या दिवशी विसर्जन करून आलेल्या बायका परस्पर आमच्याकडे पन्हं प्यायला येऊ लागल्या. तेव्हा ही सगळ्यांना रीतसर हळदीकुंकू लावायची.

त्याच वर्षी ही भाभीजींबरोबर त्रिपोलियाला गणगौरीची सवारी बघायला गेली. हत्ती, उंट, बँड, गर्दी, सगळं बघून आली आणि मला म्हणाली, "यांच्या सवारीत गौर एकटीच असते. नवरा नसतो." तो ईसर फार पूर्वी दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या लोकांनी पळवून नेला असं म्हणतात, असं भाभीजींनी हिला सांगितलं होतं. "पळवून कशाला नेतील," ही म्हणाली, "बदली झाली असेल." मला हा विनोद फार आवडला. कचेरीत मी तो चार जणांना सांगितला.

ही आणि भाभीजी एकमेकींना भाभीजीच म्हणायच्या, वयात दहा वर्षांचं अंतर असून. बाकी हिच्या मैत्रिणी टिकायच्या नाहीत. त्यात हिचा दोष नव्हता. जयपुरातली मराठी घरं म्हणजे बँकेतली, विम्यातली, केंद्र सरकारच्या खात्यांमधली आणि छावणीतली. तीन वर्षं झाली की बदली. एखादीशी जरा सूर जुळावेत, लोणच्याच्या बरण्यांची देवघेव सुरू व्हावी, तोवर तिच्या दाराशी सामानाचा ट्रक उभा. स्टेशनवर निरोप देऊन आल्यावर ही दोन दिवस कमी बोलायची. मी म्हणायचो, दुसरी येईल. दुसरी यायचीही, आणि तीही जायची.

दरम्यान चुकीची तीज चालूच होती. हिने आता तिच्यासाठी ताजं पुरण घालायला सुरुवात केली होती. होळीला पोळ्या व्हायच्या त्या देवापुरत्या आणि आमच्यापुरत्या, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पुरण शिजायचं. कटाची आमटीही व्हायची. बायका तिला तिखी दाल म्हणायच्या आणि वाट्या पुढे करायच्या. निवृत्त झाल्यावर मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि एका वर्षी माझा संयम सुटला. "किती वर्षं ही एकच चेष्टा? त्यांना एकदा कॅलेंडर दे नेऊन," असं मी हिला म्हणालो. ही नुसती हसली. मग मीच मराठी दिनदर्शिका आणली, त्यात खऱ्या तृतीयेभोवती लाल पेनने गोल केला आणि स्वतः समोर नेऊन दिली. भाभीजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, "अच्छा किया, भाईसाहब" म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या चुकीच्या तिजेलाच आल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

दोन दिवाळ्यांपूर्वी ही गेली. आजार थोडक्यात आटोपला. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

मुलगी बंगळुरूला असते. तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेलं. ती रोज फोन करते आणि रोज तेच विचारते, "बाबा, मतलब, तुम्ही तिथे एकटे करता काय?" खरं उत्तर असं होतं की मी सकाळी दूध आणतो, पेपर दोनदा वाचतो, कुकर लावतो आणि दुपार संपायची वाट बघतो. मी तिला सांगायचो की पुष्कळ कामं असतात. इकडेच या, ती म्हणायची, घर विकून टाका. मी म्हणायचो, बघू, होळी होऊन जाऊ दे. होळीच का, ते मी तिला सांगितलं नाही आणि स्वतःशीही नीट बोललो नाही. पण मनात होतं ते एवढंच की चुकीच्या तिजेला त्या येतात की नाही ते बघायचं. आल्या तर या गल्लीत माझं काहीतरी आहे. नाही आल्या तर जे काही होतं ते हिचं होतं, आणि मग इथे राहण्यात अर्थ नाही.

हिच्यानंतरच्या पहिल्या धुळवडीला सकाळी गल्लीतले पुरुष आले. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे होळीला येऊन कोरडा गुलाल लावायचा आणि सुतक संपवायचं अशी इथली रीत आहे. त्यांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, पाच मिनिटं बसले, पाणी प्यायले आणि गेले. मला बरं वाटलं. शोक संपला असं रीतसर ठरलं म्हणजे परवा बायका यायला हरकत नाही, असा मी अर्थ काढला.

तिजेच्या दिवशी मी पुरण घातलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. आयुष्यात मी चहापलीकडे काही केलं नव्हतं, हिच्यामागे कुकरपर्यंत मजल गेली होती. पुरणपोळी मी फोनवर बघून केली. चाललेला व्हिडिओ पिठाच्या बोटाने थांबवायचा, पुढे न्यायचा, मागे आणायचा. डाळ जास्त शिजली, पुरण सैल झालं. पहिल्या तीन पोळ्या तव्यावर फुटल्या. चौथी पोळी म्हणण्यासारखी झाली. एकूण अकरा झाल्या, त्यांतल्या सहा लोकांपुढे ठेवता येतील अशा. कटाची आमटी करायचं धाडस केलं नाही. बैठकीतला सोफा मागे सरकवला, सतरंजी घातली, हिच्या कपाटातल्या त्याच बशा काढल्या आणि साडेतीनला धुतलेला सदरा घालून बसलो.

चार वाजले. सवा चार वाजले. फाटक वाजलं म्हणून उठलो तर वीजबिल टाकणारा. समोरचं दार उघडं होतं. भाभीजी एकदा ओट्यावर आल्या, आमच्या घराकडे बघत क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. मी उठून उभा राहिलो, आता येतील म्हणून. नाही आल्या. पाचला त्यांच्याकडे कुठल्याशा मुली खिदळत गणगौरीची फुलं निवडत बसल्या. सहाला मी सतरंजी गुंडाळली.

मला रडू आलं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला पोळ्यांवरून रडू येतं हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आलं. हिच्या दिवसांनासुद्धा मी लोकांसमोर धीर धरला होता. त्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, समोर सहा चांगल्या आणि पाच फुटक्या पोळ्या ठेवून, मी पोर रडावं तसा रडलो. पुढचे चार दिवस त्याच पोळ्या खाल्ल्या. इथे होळीनंतर आठव्या दिवशी बासोडा असतो, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं शिळं खातात. माझा बासोडा त्या वर्षी लवकर सुरू झाला.

नंतर मला राग आला, आणि रागाने जरा आधार वाटला. सत्तावीस वर्षं आमच्या पोळ्या खाल्ल्या, ही गेल्यावर एक बाई चौकट ओलांडत नाही. मी समोर बघणं सोडलं. भाभीजींनी ओट्यावरून नमस्कार केला तर मी झाडांना पाणी घालण्यात गुंतलेला असायचो. मुलीला सांगून टाकलं की घराचं गिऱ्हाईक बघायला लागू. ती म्हणाली, "नक्की ना, बाबा?" मी नक्की म्हणालो.

चैत्र शुद्ध तृतीया आली. मी गौर काढली नाही. संध्याकाळी समोरून बायका आणि मुली गणगौर घेऊन निघाल्या. गल्लीतली विहीर केव्हाच बुजवली, आता देवळामागच्या हौदात सोडतात. मी कुंड्यांना पाणी घालत होतो. सगळ्या गेल्यावर बघतो तर भाभीजी ओट्यावर खुर्चीत एकट्या. गुडघ्यांमुळे त्यांचं जाणं दोन वर्षांपासून बंद होतं.

"भाईसाहब," त्यांनी हाक मारली, "आज तो आपकी गौर बैठती है."

"इस साल नहीं."

"क्यों?"

इतके दिवस आवळून धरलेलं सुटलं. "किसके लिए बिठाऊँ? उस तीज को मैं बैठा रहा, फटी-टूटी पोळी बनाकर. कोई आया क्या?"

"आपने बुलाया था क्या?"

"बुलाना कैसा? आप लोग तो हर साल अपने आप आती थीं."

"अपने आप?" त्या म्हणाल्या. "भाईसाहब, बिना बुलाए सज-धजकर किसी के घर कौन जाता है? धुलंडी के दूसरे दिन भाभीजी आती थीं, घर-घर. 'चैत लग गया, कल तीज है, गौर बैठेगी, आइए.' हर साल यही."

मी हातातली झारी खाली ठेवली आणि त्यांच्या फाटकाशी गेलो. हिला नंतर कळलं नव्हतं का, असं काहीतरी मी विचारलं. भाभीजी म्हणाल्या की पहिली दोन वर्षं त्यांनीच हिला समजावलं, तुमचा चैत अजून लागला नाही, गौर बसायला पंधरा दिवस आहेत. तिसऱ्या वर्षी समजावणं सोडलं. "उन्हें सब पता था. हमें भी पता था. न उन्होंने कुछ कहा, न हमने पूछा."

"और वो कैलेंडर?"

"जिस दिन आपने दिया न, उसी शाम आईं. बोलीं, रसोई में टाँग लीजिए, पर आइएगा उसी दिन."

मग त्या म्हणाल्या, "इस बार हम बैठे थे. बहू ने साड़ी भी निकाल दी थी. मैं दो बार बाहर आई देखने, कि शायद आप बुलाएँ. फिर सोचा, आदमी का घर है, दुख का घर है, बिना कहे कैसे जाएँ."

"आपने मुझे कभी बताया क्यों नहीं?"

"आप पूछते कहाँ थे, भाईसाहब," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते त्यांनी सांगितलं.

मी घरी येऊन बसलो. जळलेल्या गोदामात उभं राहून आग कुठल्या कोपऱ्यातून सुरू झाली ते सांगणारा माणूस मी. सत्तावीस वर्षं माझ्या घरात एक बाई ठरवून, तारीख बघून, घरोघर जाऊन एकच चूक करत होती आणि मला ती चूकच वाटली. खऱ्या तृतीयेला बायका यायच्याच, पण तो गौरीचा दिवस होता. गौरीसाठी आलेल्यांना हळदीकुंकू लावायचं, ओटी भरायची, एक झाली की दुसरी. हिला एक दिवस असा हवा होता की ज्यात गौर नाही, विधी नाही, नुसत्या बायका येऊन बसतील. आणि ते सरळ मागायची हिला लाज वाटत होती. मला सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो तेही मला माहीत आहे. म्हणालो असतो, अगं, भिशी सुरू कर एखादी.

ही एकटी होती. हे मला कधी दिसलं नाही. माझ्यावर एकटेपणाची वेळ आली तेव्हा कुठे मला त्याची चव कळली, आणि तिने ती सत्तावीस वर्षं चाखली होती, माझ्या असण्यात.

त्या संध्याकाळी मी गौर काढली. हिने तिला मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं. पितळी, वीतभर उंचीची. पाळणा पुसला, गादी घातली, तिला बसवलं. हरभरे भिजवलेले नव्हते, कैरी नव्हती, रांगोळी मला येत नाही. दिवा लावला. भाभीजी सुनेच्या खांद्याला धरून, दर पावलाला थांबत, गल्ली ओलांडून आल्या. त्यांनी गौरीला हळदीकुंकू वाहिलं. सुनेने विसर्जनातून मागे ठेवलेले गव्हाचे कोंब तिच्यापुढे ठेवले. कुंकवाची कोयरी धरून मी उभा होतो. जाताना सून म्हणाली, "अंकल, पालना एक तरफ झुका हुआ है." मी दोरी सारखी केली.

महिनाभर गौर राहिली. गिऱ्हाईक बघायचं थांबवायला मी मुलीला सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणालो, गौर बसलीये, मधेच कसं उठवणार. तिला ते पटलं की नाही कोण जाणे.

परवा पुन्हा धुळवड झाली. काल सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि समोरच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. चैत लग गया, कल तीज है, गौर बैठेगी, आइए. हिचंच वाक्य, तसंच म्हणायचं आणि निघायचं असं ठरवलं होतं. भाभीजी उन्हात बसून मटार सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि मला ते वाक्य म्हणता येईना. हिच्या तोंडी ते शोभत होतं. माझ्या तोंडी नुसतं खोटं झालं असतं.

"भाभीजी," मी म्हणालो, "कल चार बजे आइए. सबको लेकर. गौर नहीं बैठेगी. घर में मैं अकेला हूँ, इसलिए आइए."

भाभीजींनी हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं जास्त बोललो.

"इतनी सी बात थी," त्या म्हणाल्या. "उनसे सत्ताईस साल में नहीं कही गई."

मग त्या आतल्या बाजूला मान वळवून सुनेला म्हणाल्या, "कल के लिए साड़ी निकाल देना." आणि माझ्याकडे बघून, "पोळी फटी हुई भी चलेगी."

मी त्यांचं फाटक नीट लावून घेतलं. गल्लीत अजून नऊ घरं होती. शेजारच्या दाराशी जाऊन मी बेल दाबली.